आपले आपण सावरणारी यंत्रे

(आपल्याला जखम झाली तर ती काही दिवसांनी भरून येते. पण यंत्र बिघडले तर? आपला बिघाड आपणच ओळखून सावरणारे यंत्र माणसाला तयार करता येते का? डहाणूचे वीज केंद्र, चंद्रावर उतरलेले यान आणि एक टेलिफोनचे जाळे यांच्या उदाहरणांवरून या पाठात ही गोष्ट समजावून दिली आहे.)

घराच्या भिंतीवरची पाल तुम्ही पाहिली असेल. मांजराने तिच्यावर झडप घातली, तर ती काय करते? ती आपली शेपटी तोडून टाकते. तुटलेली शेपटी जमिनीवर वळवळत राहते. मांजराचे लक्ष तिकडे जाते आणि पाल निसटून जाते. पुढे काही दिवसांनी तिला नवी शेपटी फुटू लागते. 'शिर सलामत तो पगडी पचास' ही म्हण जणू पालीला पाठच आहे!

पालीच्या या कृतीत तीन गोष्टी आहेत. संकट आले हे तिला कळते. काय सोडायचे आणि काय वाचवायचे हे तिच्या शरीरात आधीच ठरलेले असते. आणि जे गेले ते ती पुन्हा तयार करते. या तीन गोष्टी यंत्राला शिकवता येतील का? हे पाहण्यासाठी आपण डहाणूला जाऊ.

मुंबईहून गुजरातकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की पालघर आणि बोईसर मागे पडते आणि डहाणू रोड स्थानक येते. पश्चिमेला समुद्र आहे. सगळीकडे चिकूच्या वाड्या आहेत. ईशान्येला तलासरीच्या बाजूला गेले, की डोंगर आणि वारली लोकांचे पाडे लागतात. डहाणूच्या खाडीजवळ एक उंच धुराडे आहे. त्याची उंची सुमारे २७५ मीटर आहे. हे धुराडे डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राचे आहे. तेथे कोळसा जाळून वीज तयार करतात. १९९५ साली हे केंद्र सुरू झाले. त्यात प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच बसवले. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवावी, हा ते बांधण्यामागचा हेतू होता.

तुम्ही म्हणाल, 'डहाणूची वीज मुंबईला गेली, यात नवल काय?' नवल पुढे आहे.

आपल्या देशातील वीज केंद्रे तारांनी एकमेकांशी जोडलेली आहेत. या सगळ्याचे मिळून एक मोठे जाळे होते. एका केंद्रात वीज कमी पडली, तर दुसरे केंद्र मदतीला येते. पण या जाळ्याचा एक कडक नियम आहे. ज्या क्षणी जेवढी वीज वापरली जाते, त्या क्षणी तेवढीच वीज तयार व्हावी लागते. विहिरीतले पाणी हंड्यात भरून ठेवता येते, तशी ही सगळी वीज साठवून ठेवता येत नाही.

हा नियम मोडला तर काय होते? समजा, तुम्ही सायकल चालवत आहात. अचानक मागे दोन मित्र बसले. तुमचे पाय लगेच मंदावतील. वीज तयार करणाऱ्या जनित्राचेही तसेच आहे. विजेची मागणी एकदम वाढली किंवा शेजारचे केंद्र बंद पडले, की उरलेल्या जनित्रांचा वेग कमी होऊ लागतो. भारतात विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने ठेवलेली आहे. हा आकडा खाली घसरू लागला, की समजावे, जाळ्यावर भार जास्त झाला आहे. आकडा फारच घसरला, तर जनित्रे स्वतःचा बचाव करण्यासाठी बंद होतात. मग उरलेल्या जनित्रांवर आणखी भार येतो आणि तीही बंद होतात. एकाच्या धक्क्याने दुसरा, दुसऱ्याच्या धक्क्याने तिसरा पडावा, तसे होते. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातील जाळे असेच कोसळले. साठ कोटींहून अधिक लोकांच्या भागात अंधार झाला.

असे संकट काही सेकंदांत पसरते. एवढ्या वेळात माणूस टेलिफोन उचलून विचारूही शकत नाही, की आता काय करू? म्हणून जाळ्यात जागोजागी पहारेकरी बसवलेले असतात. त्यांना 'रिले' म्हणतात. पूर्वीचे रिले चुंबक आणि स्प्रिंग यांवर चालत. आजचे बरेचसे रिले म्हणजे छोटे संगणकच असतात. त्यांच्यात आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, भरलेले असते.

या पहारेकऱ्यांचे काम चार पायऱ्यांत चालते. पहिली पायरी पाहण्याची. ते वारंवारता, दाब आणि प्रवाह सतत मोजतात. दुसरी पायरी पारखण्याची. मोजलेला आकडा नेहमीसारखा आहे की धोक्याचा, हे ते पाहतात. तिसरी पायरी ठरवण्याची. धोका असेल, तर कोणता उपाय करायचा? चौथी पायरी करण्याची. ते तार तोडायचा किंवा जोडायचा हुकूम देतात. त्यानंतर ते पुन्हा पहिल्या पायरीवर येतात आणि पाहतात, की उपाय लागू पडला का? पाहा, पारखा, ठरवा, करा आणि पुन्हा पाहा. आपले आपण सावरणारी कोणतीही आज्ञावली याच चक्रात फिरत असते.

मुंबईसाठी या पहारेकऱ्यांना एक खास काम दिलेले आहे. बाहेरचे जाळे कोसळू लागले, तर शहराला त्या जाळ्यापासून तोडायचे. मग आपल्या वाट्याच्या केंद्रांच्या जोरावर शहराने तग धरायचा. चारही बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीला आपण बेट म्हणतो. तसेच हे विजेचे बेट! मुंबई शहर पूर्वी सात बेटांचे होते, हे तुम्ही भूगोलात वाचले असेल. संकटाच्या वेळी ती पुन्हा बेट होते, ते मात्र विजेचे.

पण बेट झाले म्हणजे काम संपले नाही. बेटावर जेवढी वीज तयार होते, तेवढाच भार ठेवावा लागतो. उरलेला भार ताबडतोब कमी करावा लागतो. म्हणजे काही वस्त्यांची, काही बाजारांची वीज बंद करावी लागते. पाल शेपटी सोडते, तसेच हे आहे.

या योजनेची कठीण परीक्षा १२ ऑक्टोबर २०२० रोजी झाली. तो सोमवार होता. कोरोनाच्या साथीचे दिवस होते. रुग्णालये भरलेली होती. मुले घरी बसून मोबाइलवर शिकत होती. कळवा आणि पडघे या उपकेंद्रांना जोडणाऱ्या वाहिन्या बंद पडल्या आणि दुसऱ्या वाहिन्यांवर भार आला. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासच्या मोठ्या भागाची वीज गेली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. त्या पुन्हा सुरू व्हायला सुमारे दोन तास लागले. काही भागांत तर वीज यायला बराच उशीर झाला.

मुंबईसाठी आखलेले मोठे बेट त्या दिवशी टिकले नाही. शहराच्या आत त्या वेळी तयार होणारी वीज मागणीच्या मानाने फार कमी होती. मात्र उपनगरांना वीज देणाऱ्या कंपनीने त्याच दिवशी जाहीर केले, की तिचे जाळे ठरल्याप्रमाणे वेगळे झाले आहे आणि डहाणूच्या केंद्रातून सुमारे ३८५ मेगावॅट वीज अत्यावश्यक सेवांना दिली जात आहे. मोठे जाळे कोसळले, पण डहाणूच्या आधाराने एक लहान बेट उभे राहिले.

एकाच दिवशी एक बेट टिकले आणि दुसरे टिकले नाही. यातून आपण काय शिकतो? पहारेकरी कितीही हुशार असला, तरी वाचवायला घरात काही शिल्लक हवे. शेपटी सोडून पाल वाचते, पण तिच्या पायांत पळण्याचे बळ असेल तरच. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

आता हीच गोष्ट संगणकाच्या बाबतीत पाहू. मोबाइलवर व्हिडिओ पाहताना नेटवर्क कमी झाले, की चित्र थोडे धूसर होते, पण थांबत नाही. का बरे? माहिती हळू येत आहे, हे आज्ञावलीने पाहिले. मग तिने ठरवले, की चित्राची सफाई सोडायची, पण आवाज आणि गती वाचवायची. येथेही सोडायचे काय आणि वाचवायचे काय, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने आधीच ठरवून ठेवले होते.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण चंद्रावरचे आहे. २० जुलै १९६९ रोजी अमेरिकेचे अपोलो-११ यान चंद्रावर उतरत होते. जमीन अगदी जवळ आली आणि संगणकाने धोक्याची सूचना दिली, '१२०२'! त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त काम त्याच्यापुढे आले होते. आजच्या साध्या मोबाइलच्या मानाने तो संगणक फारच दुबळा होता. पण त्याच्या आज्ञावलीत कामांची यादी महत्त्वाप्रमाणे लावलेली होती. भार वाढताच संगणकाने स्वतःला पुन्हा सुरू केले. कमी महत्त्वाची कामे त्याने टाकून दिली. इंजिन सांभाळण्याचे काम मात्र चालू ठेवले. यान सुखरूप उतरले. ही आज्ञावली तयार करणाऱ्या गटाच्या प्रमुखांमध्ये मार्गारेट हॅमिल्टन या संगणकतज्ज्ञ होत्या.

या गोष्टीचा दुसरा भागही लक्षात ठेवण्यासारखा आहे. यान उतरण्याआधी काही दिवस पृथ्वीवर सराव चालू होता. त्या सरावात अशीच एक सूचना आली आणि लोक गोंधळले. त्यानंतर एका तरुण अभियंत्याने अशा सर्व सूचनांची यादी हाताने लिहून काढली. प्रत्यक्ष प्रसंगी '१२०२' म्हटल्याबरोबर 'पुढे जा' असे उत्तर देता आले, ते या तयारीमुळे. यंत्र सावरले, कारण माणसांनी आधी चुका करून पाहिल्या होत्या.

पण स्वतःला सावरण्याची शक्ती नेहमी उपयोगीच पडते असे नाही. कधी कधी औषधच रोग पसरवते. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीच्या टेलिफोन जाळ्यात असेच घडले. न्यूयॉर्कमधील एका केंद्रात किरकोळ बिघाड झाला. ठरल्याप्रमाणे ते केंद्र काही सेकंद थांबले, सावरले आणि पुन्हा कामाला लागले. 'मी बरा झालो' हे शेजारच्या केंद्रांना त्याच्या संदेशांवरून समजत असे. पण नव्या आज्ञावलीत एक बारीकशी चूक राहिली होती. संदेश एकापाठोपाठ एक फार लवकर आले, की शेजारचे केंद्र गडबडून जाई. मग तेही थांबे, सावरे आणि पुढच्या केंद्रांना तसेच संदेश पाठवी. अशा रीतीने कंपनीची ११४ केंद्रे एकमेकांना पाडत राहिली. सुमारे नऊ तास लाखो लोकांचे फोन लागत नव्हते. सगळ्या केंद्रांत आज्ञावली एकच होती, म्हणून चूकही सगळीकडे एकच होती.

म्हणून जाणकार लोक तीन गोष्टी सांगतात. पहिली गोष्ट : बिघाड झालेला भाग आधी वेगळा करा, म्हणजे रोग पसरणार नाही. दुसरी गोष्ट : नवा उपाय आधी थोड्या ठिकाणी करून पाहा. तिसरी गोष्ट : यंत्राने स्वतः जे जे केले, त्याची नोंद ठेवा.

नोंद कशासाठी, हे मंगळावरच्या एका यानाने दाखवून दिले. ४ जुलै १९९७ रोजी 'पाथफाइंडर' हे यान मंगळावर उतरले. काही दिवसांनी त्याचा संगणक वारंवार स्वतःला नव्याने सुरू करू लागला. त्यात एक पहारेकरी घड्याळ होते. महत्त्वाचे काम वेळेत झाले नाही, की ते घड्याळ संगणकाला नव्याने सुरू करी. त्यामुळे यान वाचत होते, पण रोग बरा होत नव्हता. ताप उतरवणारी गोळी घेतली, म्हणून तापाचे कारण जात नाही, तसेच हे झाले. अभियंत्यांनी तसाच संगणक पृथ्वीवर चालवला, तशीच चूक घडवून आणली आणि नोंदी तपासल्या. मग कारण सापडले. त्यांनी दुरुस्ती लिहिली आणि ती मंगळावर पाठवली. यंत्राने वेळ मिळवून दिला. इलाज मात्र माणसाने शोधला.

आता पुन्हा डहाणूला येऊ. डहाणूच्या बंदरातून होड्या मासेमारीला जातात. भर समुद्रात वादळ आले आणि होडीत पाणी भरू लागले, तर तांडेलाला ठरवावे लागते, की आधी काय फेकायचे? बर्फ, जाळे, की पकडलेले मासे? माणसाला मात्र कोणी फेकत नाही. तांडेल हा निर्णय स्वतः घेतो. त्याला खलाशी प्रश्न विचारू शकतात.

विजेच्या जाळ्यातला रिले मात्र विचार करत नाही. तो फक्त यादी वाचतो. ती यादी कोणीतरी माणसाने, शांत वेळी, टेबलाशी बसून लिहिलेली असते. मुंबईत आधी रुग्णालय आणि रेल्वे, नंतर दुकाने, हे कोणालाही पटेल. पण तलासरीच्या पाड्यांचा विचार करा. तेथे महावितरणच्या वाहिन्यांवरून वीज येते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले. पुन्हा असे वादळ आले आणि तारा तुटल्या, तर पहिली वीज कोणाला द्यायची? ग्रामीण रुग्णालयाला, पाण्याच्या पंपाला, बर्फाच्या कारखान्याला, की दूरच्या पाड्याला? डहाणूचे धुराडे ज्यांच्या अंगणातून दिसते, त्यांचे नाव यादीत कितवे असावे?

या प्रश्नाचे उत्तर कोणताही संगणक देणार नाही. त्याला जे सांगू, तेच तो विजेच्या वेगाने करील. यादी चांगली असेल, तर तो चांगले करील. यादीत कोणाला विसरलो असू, तर तोही त्यांना विसरेल. तुमच्यापैकी काही जण उद्या अभियंते होतील, आज्ञावली लिहितील. तेव्हा यंत्राला सावरायला जरूर शिकवा. पण त्याआधी एकदा गावात फिरून या आणि यादीत कोण राहून गेले, ते विचारा.

शब्दार्थ

सावरणे – तोल जात असताना स्वतःला सांभाळणे
झडप घालणे – एकदम धावून जाऊन पकडणे
औष्णिक – उष्णतेपासून मिळणारे
जनित्र – वीज तयार करणारे यंत्र
वारंवारता – एका सेकंदात होणाऱ्या आवर्तनांची संख्या
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांचा क्रम, सॉफ्टवेअर
पारखणे – खरेखोटे, चांगलेवाईट तपासणे
तग धरणे – संकटात टिकून राहणे
धूसर – अस्पष्ट
तांडेल – होडीचा प्रमुख

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) डहाणूचे औष्णिक वीज केंद्र कोणत्या साली सुरू झाले?
(२) भारतात विजेची वारंवारता किती ठेवलेली आहे?
(३) अपोलो-११ च्या संगणकाने कोणती सूचना दिली?
(४) टेलिफोनच्या जाळ्यातील किती केंद्रे एकमेकांना पाडत राहिली?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) विजेचे बेट म्हणजे काय?
(२) पहारेकऱ्यांचे काम कोणत्या चार पायऱ्यांत चालते?
(३) १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईचे मोठे बेट का टिकले नाही?
(४) 'यंत्राने वेळ मिळवून दिला. इलाज मात्र माणसाने शोधला.' असे लेखकाने का म्हटले आहे?

प्र. ३. रिकाम्या जागा भरा.
(१) पाल आपली ________ सोडून स्वतःचा जीव वाचवते.
(२) रिले विचार करत नाही, तो फक्त ________ वाचतो.
(३) तहान लागल्यावर ________ खणून चालत नाही.

प्र. ४. वाक्यात उपयोग करा.
तग धरणे, झडप घालणे, लागू पडणे, राहून जाणे.

प्र. ५. 'दुरुस्ती' हा शब्द मराठीत आहे आणि उर्दूतही आहे. पाठात आलेले असे आणखी पाच शब्द शोधून लिहा. (उदा., मदत, हुकूम)

प्र. ६. पुढील वाक्ये भविष्यकाळात लिहा.
(१) यान सुखरूप उतरले.
(२) अभियंत्यांनी नोंदी तपासल्या.

उपक्रम : तुमच्या शाळेची वीज गेली आहे आणि शिल्लक वीज फक्त तीन गोष्टींना पुरेल, असे समजा. कोणत्या तीन गोष्टी चालू ठेवाल? वर्गात चर्चा करून यादी तयार करा आणि प्रत्येक गोष्टीचे कारण लिहा.